विजेची किंमत विचारणारा सेनापती

रास अल खैर : जुबैलच्या उत्तरेस, आखाताच्या किनाऱ्यावर वसलेल्या या औद्योगिक नगरीत रात्री पूर्ण काळोख कधी होतच नाही. समुद्राचे पाणी गोडे करणारा आणि त्याच वेळी वीज निर्माण करणारा येथील प्रकल्प २०१४ साली सुरू झाला. दररोज १०० कोटी लिटरांहून अधिक गोडे पाणी आणि सुमारे २,४०० मेगावॅट वीज ही त्याची क्षमता. येथले पाणी वाळवंट ओलांडून शेकडो किलोमीटरवरील रियाधच्या नळांना पोहोचते. शेजारी फॉस्फेटचे कारखाने आहेत, ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना आहे. एक टन ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४ ते १५ हजार युनिट वीज खर्ची पडते. या जागेचे जुने नाव रास अझ-झौर. नव्या नावाचा अर्थ कल्याणाचे भूशिर असा होतो.

येथे चार मराठी माणसे संध्याकाळी एकत्र जमली, की बोलणे फिरून फिरून ऊर्जेवर येते. पोटापाण्याचा विषयच तो. कोळसा किती दिवस चालणार, सौरऊर्जा रात्री काय कामाची, जैतापूरचे काय होणार, असे प्रश्न निघतात आणि उत्तरे मेगावॅटमध्ये दिली जातात. ही वीज कोणाच्या जमिनीवर उभी राहते आणि त्याला कोणी विचारले होते का, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी काढतो. मराठी मुलुखात तो प्रश्न १०० वर्षांपूर्वी एका माणसाने जाहीरपणे विचारला आणि त्यापायी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घातली. मुंबई आणि पुण्यात त्याच्या नावाचे हमरस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या अनेकांना तो माणूस विजेच्या प्रश्नावर तुरुंगात गेला होता, हे ठाऊक नसते. सेनापती बापट यांचा जन्मही नोव्हेंबरातला आणि मृत्यूही नोव्हेंबरातलाच. त्या निमित्ताने त्यांच्या चरित्राकडे ऊर्जेच्या अंगाने पाहणे उचित ठरेल.

पारनेर ते एडिंबरो

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची, पण मुलगा बुद्धीने तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. चापेकर बंधूंच्या फाशीच्या आठवणी तेव्हा पुण्यात ताज्या होत्या. विद्यार्थिदशेतच बापटांनी देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ तलवारीवर हात ठेवून घेतली.

मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये विलायतेला गेले. एडिंबरोच्या हेरियट-वॅट कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम निवडला. या तपशिलाकडे चरित्रकारांचे लक्ष फारसे जात नाही, पण पुढील कथेसाठी तो महत्त्वाचा आहे. वाफ, दाब, चाके आणि पाती यांचे शास्त्र ज्याने इंग्रजांच्या शाळेत बसून शिकले, तोच पुढे एका वीजप्रकल्पासमोर उभा राहिला. यंत्राला भिणारा किंवा प्रगतीचे नाव ऐकून बिथरणारा खेडवळ अशी त्याची संभावना करणे कोणालाही शक्य नव्हते.

अभियंत्याचे शिक्षण पुरे झाले नाही. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यकारभारावर त्यांनी तेथे एक परखड निबंध सभेत वाचला आणि शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांचा सहवास घडला. पुढे पॅरिसला जाऊन हेमचंद्र दास यांच्यासह रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळवली. ती माहिती देणारी पुस्तिका घेऊन ते १९०८ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी अलीपूरचा खटला उभा राहिला, बापटांचे नाव पोलिसांपर्यंत पोहोचले आणि त्यांनी सुमारे चार वर्षे भूमिगत अवस्थेत काढली. १९१२ मध्ये इंदूरला ते पकडले गेले. पुरेसा पुरावा हाती न लागल्याने पुढे सरकारला त्यांना सोडावे लागले.

सुटकेनंतरचा त्यांचा मार्ग वेगळा दिसतो. पारनेरला परतल्यावर त्यांनी हाती झाडू घेतला आणि गावाचे रस्ते, शौचकूप स्वच्छ करण्याचे व्रत चालवले. उच्चवर्णीय पदवीधराने हे काम करावे, हे त्या काळी अनेकांना वेडेपणाचे वाटले. पुण्यात त्यांनी टिळकांच्या मराठा पत्रात संपादनाचे काम केले, केतकरांच्या ज्ञानकोशासाठीही काही काळ श्रम केले. १९२० मध्ये मुंबईतील सफाई कामगारांच्या संपात ते पुढे होते. अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करत ते दारोदार हिंडले. चाळिशीत पोहोचलेला हा माणूस अशा रीतीने शस्त्राकडून समाजाकडे वळत असतानाच मुळशीचे प्रकरण पुढे आले.

निर्धूर विजेची योजना

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बंगालसारख्या दूरच्या मुलुखातून आणावा लागे आणि धुराड्यांचा काळा धूर शहरावर पसरे. सह्याद्रीत चार महिने कोसळणारा पाऊस घाटमाथ्यावर अडवायचा, ते पाणी नळांतून कोकणात सोडायचे आणि त्याच्या वेगावर जनित्रे फिरवायची, ही टाटांची कल्पना त्या पार्श्वभूमीवर अद्भुतच होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. भिवपुरीचे १९२२ मध्ये. तिसरी योजना मुळशीची. पुण्याच्या पश्चिमेस मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचे आणि पाणी सुमारे ५०० मीटर खाली, कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे उतरवायचे, असा तिचा आराखडा होता. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

आजच्या भाषेत बोलायचे तर ही हरित ऊर्जा होती. धूर नाही, राख नाही, कोळशाची आयात नाही. शिवाय कंपनी स्वदेशी. ज्या मंडळींनी स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाच्या होळ्या पेटवल्या, त्यांनी एका हिंदी कारखानदाराच्या योजनेला विरोध करायचा कसा, हा पेच साधा नव्हता. मुंबईचे पुढारी आणि वृत्तपत्रे यांच्यापैकी अनेकांनी योजनेची बाजू घेतली ती याच कारणाने.

दुसऱ्या पारड्यात मुळशी पेट्यातील ५० हून अधिक गावे होती. सुमारे ११ हजार माणसे. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी खोऱ्यातील कसदार भातखाचरे, देवळे, स्मशाने, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, सारे काही पाण्याखाली जाणार होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये सरकारने जमीन ताब्यात घेऊन कंपनीला द्यायची होती. सार्वजनिक प्रयोजन हे दोन शब्द लिहिले, की पुढे मालकाच्या संमतीचा प्रश्नच उरत नसे. त्याला रकमेवर वाद घालता येई, जमीन देण्यावर नाही. मावळ्यांना खोऱ्यात मोजणीच्या खुणा दिसू लागल्या, खड्डे खणले जाऊ लागले, तेव्हा कुठे आपले गाव बुडणार असल्याचे त्यांना उमगले.

बुडणाऱ्यांतही दोन वर्ग होते, हे येथे सांगितले पाहिजे. कागदोपत्री पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारा मावळा कुळ म्हणून राबत होता. सावकाराला जमीन म्हणजे पैसा. भाव चांगला आला, तर त्याची तक्रार नव्हती. कुळाला जमीन म्हणजे जगण्याचा एकमेव आधार. नुकसानभरपाईच्या कागदावर त्याचे नाव असेलच, याची खात्री नव्हती. पुढे लढ्याला जी खिंडारे पडली, त्यांचे मूळ या विषमतेत होते.

रामनवमी ते रेल्वे

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर चालून गेले आणि तेथे ठाण मांडून बसले. त्यांत स्त्रियाही होत्या. हाती शस्त्र नव्हते. मजुरांनी काम थांबवले. या लढ्यात शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे अशी मंडळी कमीअधिक प्रमाणात उतरली. कंपनीने काही महिन्यांपुरते काम तहकूब केले. मावळ्यांना वाटले, आपण जिंकलो.

पावसाळा ओसरल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि १९२२ च्या मे महिन्यात सत्याग्रहाचे दुसरे पर्व उघडले. आता नेतृत्व बापटांकडे होते. प्राण जाईल, पण जमीन जाणार नाही, हा निर्धार खोऱ्यातल्या वाड्यावाड्यांत दुमदुमू लागला. लोकांनी या काळातच बापटांना सेनापती ही पदवी दिली आणि ती नावाला कायमची चिकटली. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. बापटांनाही सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले, की ते पुन्हा मुळशीची वाट धरत.

गांधीजींनी सुरुवातीस या लढ्याची दखल घेऊन टाटांना मावळ्यांच्या भावनेचा विचार करण्याचे आवाहन केले होते. पुढे मात्र त्यांचे मत बदलले. बहुतेकांनी भरपाई स्वीकारली आहे, काम बरेच पुढे गेले आहे आणि ज्याच्या हाती नेतृत्व आहे तो अहिंसेला मनापासून मानणारा नाही, अशा कारणांनी त्यांनी लढा आवरता घेण्याचा सल्ला दिला. बापटांनी सत्याग्रहाचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावला होता. त्यांच्या मते सत्यासाठी प्राण देण्याची तयारी हा सत्याग्रहाचा गाभा, आणि प्रसंग पडल्यास बळाचा वापर त्याला सर्वथा वर्ज्य नव्हता. या मतभेदामुळे राष्ट्रीय पातळीवरचा आधार सुटला. सावकारांनी पैसे उचलले, कुळे एकेक करून हटली आणि १९२४ उजाडेपर्यंत रिंगणात मूठभरच माणसे उरली.

९ डिसेंबर १९२४ रोजी बापट आणि त्यांच्या काही साथीदारांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी शस्त्रे हाती घेऊन, रुळांवर दगड रचून अडवली. या कृत्याचा परिणाम उघड होता. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात त्यांना पाठवण्यात आले. मुळशीचा लढा तेथे संपला. बापटांच्या गौरवगाथांत हा प्रसंग शौर्याचा म्हणून येतो. पण ज्या रामनवमीला निःशस्त्र मावळ्यांनी काम थांबवले, त्या दिवसाचे नैतिक बळ तीन वर्षांनंतरच्या त्या शस्त्रांत नव्हते, हेही मान्य करावे लागते. हरत आलेल्या लढ्याची ती हताश अखेर होती. सेनापतींचे मोठेपण जपायला ही गोष्ट झाकण्याची गरज नाही.

१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुळशीच्या पाण्याने गिरण्या चालू लागल्या. ज्यांची खाचरे बुडाली, ते मावळे डोंगरउतारावर वर सरकले किंवा मुंबई-पुण्याकडे मजुरीला गेले. घराशेजारी विजेचा जन्म झाला आणि घरात कंदील तेवत राहिला, अशी स्थिती त्या खोऱ्याने पुढे कित्येक दशके अनुभवली.

धरणानंतरचे सेनापती

१९३१ मध्ये सुटून आल्यावर बापट महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लगोलग एका भाषणाबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि १९३७ पर्यंत ते तुरुंगातच होते. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षापासून छपन्नाव्या वर्षापर्यंतचा काळ, मधले काही महिने वगळता, गजाआड गेला. तेथेही झाडू सुटला नाही, लेखन आणि चिंतनही थांबले नाही. अरविंदांच्या तत्त्वज्ञानाकडे त्यांचा ओढा होता आणि त्यांचे लेखन बापटांनी मराठीत आणले.

पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकची महाराष्ट्रातील धुरा त्यांनी वाहिली. निजामाच्या राज्यातील सत्याग्रहात ते उतरले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. स्वातंत्र्य मिळाले म्हणून ते घरी बसले नाहीत. १९५५ मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर सीमेकडे निघाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही अग्रभागी राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ८७. सत्तेचे पद त्यांनी कधी भोगले नाही.

न मिटलेला प्रश्न

राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच हा जगातील पहिला धरणविरोधी लढा असल्याचे म्हटले आहे. पहिला असो वा नसो, तो शेवटचा नव्हता. कोयनेच्या विस्थापितांची पुनर्वसनासाठीची वणवण, नर्मदेच्या खोऱ्यातील आंदोलन, जैतापूरच्या मच्छीमारांचा विरोध, या प्रत्येक ठिकाणी मुळशीचाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला. १८९४ चा कायदा मात्र तब्बल ११९ वर्षे चालला. २०१३ मध्ये नवा कायदा संमत होऊन १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला, आणि खासगी प्रकल्पासाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, तर सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. ज्या संमतीसाठी मावळे १९२१ मध्ये धरणावर बसले, ती कायद्याच्या पुस्तकात यायला ९० वर्षांहून अधिक काळ लागला.

मुळशीच्या पाण्याचा वादही संपलेला नाही. मुळा नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहते. तिचे पाणी भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळायचे. वीजनिर्मितीसाठी ते पश्चिमेला वळवले गेले आणि भिऱ्यानंतर कुंडलिका नदीतून समुद्राकडे जाऊ लागले. पुणे-सोलापूरकडे पाण्याची टंचाई झाली, की हे पाणी पुन्हा पूर्वेला द्यावे, ही मागणी दर वेळी डोके वर काढते. भिऱ्याचे जुने वीजगृह आणि नंतर जोडलेला उदंचन संच मिळून आज ३०० मेगावॅटची क्षमता आहे. तेवढी वीज सूर्याकडून आता मिळवता येते. पाणी मात्र सूर्याकडून मिळत नाही, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे. दुसरी बाजू अशी, की सौर आणि पवनऊर्जा लहरी असते. मुंबईसारख्या शहराला संध्याकाळी क्षणार्धात वीज पुरवण्याचे सामर्थ्य या जलविद्युत संचांत आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच वाद कठीण आहे.

आणि आता सह्याद्री पुन्हा ऊर्जेच्या नकाशावर आला आहे. दिवसा सौरऊर्जेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची, असे उदंचन प्रकल्प राज्यात मोठ्या संख्येने प्रस्तावित आहेत. टाटा पॉवरनेही २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवता येथील एकूण २,८०० मेगावॅटच्या दोन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. कोळशापासून सुटका हवी असेल, तर वीज साठवण्याची सोय लागणारच. तापत्या पृथ्वीवर ही गरज नाकारणे बेजबाबदारपणाचे होईल. पण पश्चिम घाटातील जंगल, झरे आणि वाड्या यांची किंमत हिशेबात धरल्याशिवाय ती सोय स्वच्छ म्हणता येणार नाही. १९२१ ची वीजही निर्धूरच होती.

रास अल खैरला हे लिहिताना समोर वाळू आणि समुद्र आहे. मुळशीसारखे भाताचे खोरे येथे बुडाले नाही. तरी बिल येथेही आहेच. नैसर्गिक वायू जळतो, गोडे पाणी काढून उरलेले दाट खारे पाणी समुद्रात परत जाते. म्हणून पाणी उकळून वाफ करण्याच्या जुन्या पद्धतीकडून पडद्यातून गाळण्याच्या, कमी ऊर्जा खाणाऱ्या पद्धतीकडे हा देश वळतो आहे, आणि २०३० पर्यंत निम्मी वीज अपारंपरिक स्रोतांतून मिळवण्याचे उद्दिष्ट त्याने ठेवले आहे. ऊर्जेच्या व्यवसायावर घर चालवणाऱ्या आम्हा मराठी माणसांना या बदलात काम मिळेल, पैसाही मिळेल. मायदेशी परतून अशाच प्रकल्पांच्या आराखड्यांवर सह्या करणारेही आमच्यातूनच निघतील. त्या वेळी मोजणीची खूण रोवण्याआधी शेताच्या मालकाशी आणि ते कसणाऱ्या कुळाशी बोलणे, एवढे तरी मुळशीने आम्हाला शिकवलेले असावे.

सेनापतींच्या पारनेर तालुक्यात, सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर, आज पवनचक्क्या फिरतात. वाऱ्यापासून वीज होते, याचा एडिंबरोच्या त्या विद्यार्थ्याला आनंदच झाला असता. त्यानंतर तो डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत गेला असता आणि तेथे दिवा लागतो का, हे त्याने पाहिले असते.